आखूड यादीची डबी

मिनरल मेकअपची डबी हातात आली की मी आधी ती उलटी करते. पुढच्या बाजूला 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'त्वचेला श्वास घेऊ देणारं' असं सगळं ठसठशीत छापलेलं असतं, ते वाचायला चष्माही लागत नाही. (त्वचा श्वास घेत नाही. ते काम नाकाकडे आहे.) मागची घटकांची यादी मात्र इतकी बारीक की मोबाइलचा कॅमेरा धरून मोठी करून वाचावी लागते. काउंटरवरच्या मुली एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. नुसता साबण बदलला तरी ज्यांचे गाल पेटतात, त्यांनी लाजून भागत नाही.

सध्या ही उलटापालट जोरात चालू आहे, कारण भाचीचं लग्न ठरलंय. तिला लहानपणापासून एक्झिमा. आधी कोपराच्या आत आणि गुडघ्यांच्या मागे असायचा, मोठेपणी मानेवर आणि पापण्यांवर आला. माझं दुखणं वेगळं, रोझेशियाचं. ऊन, तिखट, गरम चहा, राग, यातलं काहीही पुरतं आणि नाकाच्या दोन्ही बाजू लाल होतात. घरात या कातडीचं खापर आजोबांच्या घराण्यावर फोडायची पद्धत आहे. ते बिचारे आयुष्यभर एका साबणावर राहिले.

भाचीचा फोन आला. "आत्या, मेकअपवालीला मी सांगितलं की माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे. ती म्हणाली, काळजीच नको, आपण मिनरल वापरू. म्हणजे झालं ना गं?"

झालं नाही. नाजूक कातडीला मिनरल मेकअप मानवतो हे खरं, पण तो त्यातल्या खनिजांच्या पुण्याईने कमी आणि त्यात जे घातलेलंच नसतं त्यामुळे जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात कुठली डबी परत ठेवायची ते आपोआप कळतं.

तर डबीत असतं काय? पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद येते टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडमधून. रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमधून. लाल, पिवळा आणि काळा असे त्याचे तीन प्रकार, यादीत ते सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगांना दिलेले क्रमांक) ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ या आकड्यांनी येतात. जगातल्या बहुतेक सगळ्या कातड्यांचे रंग या तिघांच्या आणि पांढऱ्याच्या कमीजास्त प्रमाणातून जमवतात. चमक आणि बोटाखालची घसरण अभ्रकाची. चांगल्या सुट्या पावडरीची यादी इथेच संपू शकते. यात नवलाचं काही नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पहिला मिनरल मेकअप कांजिण्या आल्या तेव्हा केलेला असतो. कॅलामाइन लोशन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड, आणि त्याचा तो गुलाबी रंग येतो चिमूटभर लोहाच्या ऑक्साइडमुळे.

गंमत अशी की साध्या कॉम्पॅक्टमध्येही हीच मंडळी असतात. टायटॅनियम, लोह, अभ्रक यांच्याशिवाय पावडर करणार कशाची? शिवाय 'मिनरल' म्हणजे नेमकं काय, याची कायद्याने बांधून दिलेली व्याख्या नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियात बेअर एसेन्शुअल्स हे दुकान निघालं. नव्वदच्या दशकात लेस्ली ब्लॉजेट यांनी ते हाती घेतल्यावर त्यांची सुटी पावडर क्यूव्हीसी या टीव्हीवरून विक्री करणाऱ्या वाहिनीवर इतकी गाजली की हा एक वेगळा प्रकार म्हणूनच ओळखला जाऊ लागला. त्याच सुमाराला जेन आयरडेल यांचीही पावडर आली. २०१० मध्ये शिसेडो या जपानी कंपनीने बेअर एसेन्शुअल्स विकत घेतली. मग बाकीच्यांनी आपापल्या जुन्या डब्यांवर 'मिनरल' छापायला किती वेळ लागणार? मी 'मिनरल' लिहिलेलं असं फाउंडेशन पाहिलंय ज्याच्या यादीत पाणी, सिलिकोन, दोन-तीन प्रिझर्व्हेटिव्ह आणि शेवटी सुगंध. खनिजं त्यात होती, नाही असं नाही.

आणि खनिज म्हटलं की निरुपद्रवी, हे तर आपण मराठी माणसांनी अजिबात मानू नये. मारुतीला फासतात तो शेंदूर खनिजच, आणि तो शिशाचा. हिंगूळ पाऱ्याचा. पारंपरिक सुरमा गॅलिना नावाच्या दगडातून येतो, म्हणजे पुन्हा शिसंच. जुन्या युरोपातल्या बायका चेहरा गोरा करायला जो सफेदा थापत, तोही शिशाचाच. तेव्हा 'जमिनीतून आलंय' ही काही चांगल्या चालीची खूण नव्हे. उलट आजच्या डबीतलं लोहाचं ऑक्साइड जमिनीतून येत नाही म्हणूनच ते बरं. खाणीतल्या गेरूत शिसं, आर्सेनिक असं काहीबाही मिसळलेलं असू शकतं, म्हणून सौंदर्यप्रसाधनातलं लोह ऑक्साइड कारखान्यात बनवतात. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे रंगद्रव्यात शिसं दहा लाखात २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त चालत नाही. डबीवर डोंगर छापलेला असला तरी आतली भुकटी कारखान्यातली असते, आणि मला त्याचा आनंदच आहे.

मग नाजूक कातडीचा फायदा कुठे? तो पाण्यात आहे, म्हणजे पाणी नसण्यात. द्रव फाउंडेशनमध्ये पाणी असतं, पाणी आलं की जंतू आले, आणि जंतू आले की प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. कोरड्या भुकटीत जंतूंना जगायला फारसा वाव नसतो, त्यामुळे ती त्याशिवाय टिकू शकते. प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध हे प्रसाधनांच्या अॅलर्जीतले दोन अट्टल गुन्हेगार. अमेरिकेतली कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दरवर्षी एका अॅलर्जनला, म्हणजे अॅलर्जी आणणाऱ्या पदार्थाला, 'वर्षाचा मानकरी' ठरवते (डॉक्टरांनाही विनोदबुद्धी असते). २०१३ साली तो मान मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हला मिळाला. आणि २०१९ मध्ये त्यांनी पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हना 'नॉन-अॅलर्जन' म्हणून जाहीर केलं, कारण अॅलर्जीच्या बाबतीत ते बऱ्यापैकी सज्जन निघाले. बाजारात मात्र आजही 'पॅराबेन फ्री' याच दोन शब्दांवर माल खपतो. पॅराबेन काढून त्याच्या जागी काय घातलं, ते कोणी विचारत नाही.

'हायपोअॅलर्जेनिक', म्हणजे अॅलर्जीचा धोका कमी, या शिक्क्याचीही तीच गत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि प्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७५ मध्ये नियम केला होता की हा शब्द वापरायचा तर चाचण्या करून सिद्ध करा. दोन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये नियम रद्द झाला. तेव्हापासून तो शब्द मोकाट आहे. सुगंधाचं म्हणाल तर यादीत बऱ्याचदा 'फ्रेग्रन्स' किंवा 'पर्फ्युम' एवढा एकच शब्द येतो आणि त्याच्या पोटात डझनावारी रसायनं असू शकतात. 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या डब्या इथे हमखास फसवतात. कृत्रिम सुगंध नाही म्हणायचं आणि लव्हेंडरचं, संत्र्याच्या सालीचं, इलांग-इलांगचं तेल घालायचं. कातडीला ते तेल फुलातून आलं की प्रयोगशाळेतून याच्याशी काही देणंघेणं नसतं.

हे शहाणपण मला पुस्तकातून नाही, पाठीवरून आलं. गालाची आग थांबेना तेव्हा डॉक्टरांनी पॅच टेस्ट सांगितली. पाठीच्या वरच्या भागावर चिकटपट्ट्यांच्या रांगा लावतात. प्रत्येक पट्टीवर छोट्या छोट्या वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक संशयित. निकेल, सुगंधी मिश्रण, केसांच्या डायमधलं पीपीडी, वेगवेगळी प्रिझर्व्हेटिव्ह. बाजूला पेनाने खुणा. ४८ तास पट्ट्या काढायच्या नाहीत, पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. डोंबिवलीत, उन्हाळ्यात! मी अक्षरशः पंख्याखाली पालथी पडून होते आणि मुलगा येऊन जाऊन विचारायचा, "आई, तुझा नकाशा कुठवर आला?" पट्ट्या काढल्यावर एकदा वाचतात, मग दोन दिवसांनी पुन्हा, कारण खरी अॅलर्जी सावकाश उगवते. माझ्या पाठीवर सुगंधी मिश्रणाच्या जागी गोल, लाल, उचललेली चकती उठली होती. डॉक्टरांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमचा मेकअप बंद करायची गरज नाही. वास बंद करा." इतक्या वर्षांत इतकं आखूड आणि इतकं कामाचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

तरीही पुढे एक मिनरल पावडर घेतली, सुगंध नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, आणि घाम आला की गालावर मुंग्या चालल्यासारखी खाज. यादीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड होतं, सीआय ७७१६३. त्याला मोत्यासारखी झाक असते, कातडीला छान चिकटतं, म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच मिनरल फाउंडेशनांत ते असे. अनेकींना काही होत नाही. काहींना, विशेषतः घामात, चुणचुणतं. ही अॅलर्जी नव्हे, नुसती चिडचिड, पण खाजवणाऱ्या बाईला या फरकाचं काय कौतुक? मी बिस्मथ असलेली डबी आता खाली ठेवते. कार्माइनवरही नजर ठेवते, सीआय ७५४७०. तो लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात. खनिजाशी त्याचा सुतराम संबंध नाही, पण 'मिनरल ब्लश'मध्ये खुशाल बसलेला असतो आणि क्वचित कुणाला त्याची जोरदार अॅलर्जी असते.

भाचीचा पुढचा प्रश्न रंगाचा होता, आणि तो रास्त होता. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर टायटॅनियम जास्त झालं की चेहरा राखाडी दिसतो, पिठाच्या गिरणीतून थेट मांडवात आल्यासारखा. फ्लॅशच्या फोटोत तर आणखी. आपल्या कातडीला पिवळं लोह जास्त लागतं, आणि परदेशी छटांमध्ये तेच नेमकं हात आखडून घातलेलं असतं. छटा मनगटावर बघू नये, जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात यावं आणि थोडा वेळ इकडेतिकडे फिरून पुन्हा आरसा बघावा. कातडीचं तेल मिसळलं की रंग थोडा गडद होतो.

लोहाचं एक खरं मोठेपण मात्र सांगायलाच हवं, कारण इथे खनिज स्वतः काम करतं. वांग असणाऱ्या बायकांना नुसतं अतिनील किरणांचं नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचंही वावडं असतं. साधं पांढरं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही, लोहाचं ऑक्साइड अडवतं. म्हणून वांगासाठी डॉक्टर रंगीत सनस्क्रीन सुचवतात. पण याचा अर्थ पावडरीवर लिहिलेल्या एसपीएफवर, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्या आकड्यावर, विसंबावं असा नाही. तो आकडा मोजताना कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देतात. तेवढी पावडर लावून कोणी घराबाहेर पडणार नाही, पडली तर घरचेच परत आणतील. सनस्क्रीन आधी, पावडर नंतर.

लावायची रीत फार कठीण नाही. मॉइश्चरायझर लावून ते पूर्ण जिरू द्यायचं, नाहीतर गोळे होतात. झाकणात चिमूटभर पावडर घ्यायची, ब्रश त्यात गोल फिरवायचा, कडेवर टकटक करून जादाची झटकायची आणि मगच गालावर. डबीवर फुंकर मारायची नाही आणि धूर काढल्यासारखा ब्रश झाडायचा नाही, ही भुकटी नाकातोंडात जाण्यासाठी नाही. ब्रश आठवड्याला धुवावा, तोही बिनवासाच्या साबणाने. ज्या जागी कातडी सोलवटलेली किंवा ओली आहे तिथे काहीही लावू नये, सोललेल्या कडा पावडरीने उलट उठून दिसतात. आणि रात्री मेकअप काढताना सुगंधी ओले वाइप्स वापरले तर दिवसभराचं पथ्य पाण्यात.

अभ्रकाबद्दल बोलायचं मी टाळत होते. झारखंडातले कोडरमा आणि गिरिडीह हे त्याचे जुने जिल्हे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या कित्येक खाणी अधिकृतपणे बंद झाल्या, पण अभ्रकाची मागणी बंद झाली नाही. सोडून दिलेल्या खाणींतून आणि उंदरांच्या बिळांसारख्या भुयारांतून उरलंसुरलं अभ्रक, तिथल्या भाषेत ढिबरा, लोक वेचत राहिले, आणि त्यांत लहान मुलंही. २०१६ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या खाणींत दगावलेल्या मुलांच्या बातम्या छापल्या. पुढच्या वर्षी कंपन्यांनी मिळून रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह काढलं. काहींनी कारखान्यात बनवलेलं अभ्रक वापरायला सुरुवात केली, यादीत ते सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट म्हणून येतं. माझ्या कातडीला दोन्ही सारखीच. मी मिळेल तिथे कृत्रिम घेते, पण त्यामुळे कोडरम्याच्या घरातली चूल कशावर पेटणार, याचं उत्तर माझ्या खरेदीत नाही. एवढं मात्र दिसतं की 'निष्पाप खनिज' म्हणून जे विकलं जातं त्याचा प्रवास तितका निष्पाप नसतो.

परत लग्नाकडे. मेकअपवर आळ येतो, पण चोर बऱ्याचदा दुसराच असतो. पापण्या सुजल्या की आपण आयशॅडो फेकून देतो, आणि निघतं नेलपॉलिश. त्यातल्या राळेची अॅलर्जी बोटांना होत नाही, ती बोटं दिवसभर ज्या पापण्यांना लागतात तिथे होते. नवरीच्या अंगावर तर संशयितांची वरातच असते. लवकर आणि गडद चढावी म्हणून विकतात त्या काळ्या मेंदीत पीपीडी असू शकतं, म्हणजे केसांचा डायच. त्याने हातावर फोड उठलेल्या नवऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. हळदीचीही काहींना अॅलर्जी असते, हे बोललं की आमच्या वहिनी कानांवर हात ठेवतात. जुन्या पद्धतीचं कुंकू हळकुंडं, लिंबाचा रस आणि टाकणखार यांतून बनायचं, बाजारातल्या स्वस्त कुंकवात सुदानसारखे कृत्रिम रंग सापडलेले आहेत आणि त्याने कपाळ काळवंडतं. टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉलने कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, तो तर आपण सगळ्यांनी कोणा ना कोणा काकूंच्या कपाळावर पाहिलाय.

माझ्या आजीच्या फणेरी पेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची. करंगळीने मेण घेऊन कपाळावर गोल दाबायचं आणि त्यावर कोरडं कुंकू. कुंकू टिकावं म्हणून ते करत, पण त्यात कातडी आणि रंग यांच्यामध्ये एक पडदाही आपसूक येत असे. भाचीला मी हेच सुचवलं. तिने मेण ऑनलाइन शोधलं, आणि पहिलं जे सापडलं त्यात गुलाबाचा सुगंध!

गेल्या रविवारी पुण्यात तिची ट्रायल झाली. मीही गेले, डब्या उलट्या करायला. मेकअपवाली तरुण होती, हाताने चलाख. आधी तिला माझा त्रास झाला असणार. "मॅडम, हे सगळं इंपोर्टेड आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "असू दे, आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक कुठे आहे ते बघू." एका डबीवर नव्हता. ती तिने स्वतःच बाजूला ठेवली. सेटिंग स्प्रे हुंगूनच बाद केला. राहिली एक सुटी पावडर, यादीत झिंक, टायटॅनियम, तीन लोहं आणि अभ्रक, बस्स. भाचीने ती आधीच मागवून सकाळ-संध्याकाळ कोपराच्या आत लावून पाहिली होती आणि काही उठलं नव्हतं. पहिल्या थरात मान पांढरी आणि चेहरा पिवळा दिसायला लागला, तेव्हा मेकअपवालीने दुसऱ्या डबीतून गडद छटा घेऊन हाताच्या पाठीवर मिसळली आणि मानेपासून वर चढवत आणली. ते काम बघण्यासारखं होतं. डोळ्यांभोवतीच्या कोरड्या जागेला तिने हातच लावला नाही, मी न सांगता. जाताना तिने माझ्याकडून सीआय नंबर लिहून घेतले, "दुसऱ्या ब्राइडलाही असाच प्रॉब्लेम असतो मॅडम, ती सांगत नाही फक्त."

खोट्या पापण्यांच्या गोंदावरून मात्र भाची आणि मी अजून भांडतोय. तिला त्या हव्यातच, आणि गोंदाच्या नळीवर घटकांची यादी नाही, खोक्यावर होती आणि खोका मेकअपवालीने कधीच फेकून दिला. यादी नाही तर पापणीला गोंद नाही, असं मी सांगितलंय. लग्न मार्गशीर्षात आहे. यादीसकट नवी नळी मागवायला आणि कोपराच्या आत ठिपका लावून बघायला भरपूर वेळ आहे.